गाठ काढली, पाळत कोण ठेवणार?

यकृताच्या कर्करोगाची गाठ कापून काढली म्हणजे रोग संपला, हा समज घातक आहे. शस्त्रक्रियेनंतर ५ वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत हा रोग उलटतो. कोणाला धोका अधिक, याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो. गाठीचा आकार, गाठींची संख्या, रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन आणि बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेल्या कर्कपेशी, या त्याच्या खुणा. पहिल्या २ वर्षांत उलटणारा रोग बहुधा जुन्याच गाठीतून पसरलेला असतो. नंतरचा बहुधा आजारी यकृतात नव्याने उपजतो. म्हणूनच सुरुवातीला दर ३-४ महिन्यांनी स्कॅन आणि रक्ततपासणी हवी.

पण रोजंदारीवर जगणाऱ्याने ती करायची कशी? रेल्वे कर्करुग्णाला भाड्यात सवलत देते. बुडालेली मजुरी कोण देणार? हिपॅटायटिस बी असलेल्यांत विषाणूरोधक गोळ्यांनी हा धोका घटतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. आमच्या किती वस्त्यांना हे ठाऊक आहे?

धोका आधी सांगणारे विज्ञान गरिबाच्या दारापर्यंत पोहोचत नसेल, तर ते कोणाच्या कामाचे? तपासणीच्या दिवसाची मजुरी शासनाने द्यावी, अशी आमची मागणी आहे. ही भीक नव्हे. घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा हा प्रश्न आहे.