दुधाचा भाव की म्हशीचे भाडे?

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने आपल्या संग्रहातील जुनी, दुर्मिळ पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवण्याचे ठरविले. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून कार्यवाहकाकांनी मला बोलावून घेतले आणि दोन दरपत्रके माझ्यापुढे टाकली. एक कंपनी दर गिगाबाइटला पैसे मागत होती. दुसरी दर मेगाबिटला, तेही दरमहा. काका म्हणाले, "अरे बाळ, एकजण म्हणतो लिटरवर दूध देतो, आणि दुसरा म्हणतो म्हैसच भाड्याने ने. आता ह्यात स्वस्त कोण, हे मी कसे ठरवायचे?"

काकांनी थट्टेने दिलेला हा दाखला इतका अचूक आहे की, त्याच्याच आधाराने मी हा विषय वाचकांपुढे मांडणार आहे.

संकेतस्थळ म्हणजे कोठेतरी अहोरात्र चालू असलेला एक संगणक. कोणी एखादे पुस्तक उघडले की, त्या संगणकातून तितकी माहिती तारांवाटे वाचकाकडे वाहत जाते. ह्या प्रवाहाचे मोजमाप दोन प्रकारे होते. एकूण किती माहिती गेली, हे पहिले माप. ते गिगाबाइटमध्ये सांगतात. हे झाले दूध. एका सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते, हे दुसरे माप. ते मेगाबिटमध्ये सांगतात. ही झाली म्हैस. बँडविड्थ हा शब्द खरा दुसऱ्या मापाचा. परंतु जाहिरातींतून तो दोन्हींसाठी सर्रास वापरतात आणि घोटाळा तेथेच होतो. त्यात भर म्हणजे ८ बिटांचा १ बाइट होतो, हेही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

आता थोडे गणित करू. १ मेगाबिट वेगाची तार ३० दिवस अखंड भरून वाहिली, तर २५,९२,००० सेकंदांत तिच्यातून ३२४ गिगाबाइट माहिती जाते. हा ३२४ चा आकडा लक्षात ठेवला की, कोणत्याही दोन दरपत्रकांची तुलना करता येते.

उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत महिन्याचे पहिले १०० गिगाबाइट मोफत असून त्यापुढे अमेरिकेतील केंद्रांतून गिगाबाइटला ९ सेंट पडतात. मुंबईच्या केंद्रातून दर थोडा अधिक आहे. ह्या ९ सेंटांच्या भावाने ३२४ गिगाबाइटांचे २९ डॉलर होतात. उलट, अमेरिकेतील घाऊक बाजारात १ मेगाबिटचे मासिक भाडे किती होते पाहा. विल्यम नॉर्टन ह्या जाणकाराने नोंदविलेल्या आकड्यांनुसार १९९८ साली ते सुमारे १,२०० डॉलर होते. २००५ साली सुमारे ७५, २०१० साली सुमारे ५, आणि २०१५ पर्यंत ते एका डॉलरच्याही खाली आले. काचतंतूच्या एकाच धाग्यातून अनेक रंगांचे प्रकाशप्रवाह एकदम पाठविण्याची युक्ती साधली, तारा टाकणाऱ्या कंपन्यांत चढाओढ लागली, आणि एक्स्चेंज नावाच्या ठिकाणी एकत्र येऊन त्या आपसांत माहितीची थेट देवघेव करू लागल्या. आपल्याकडे अशा देवघेवीसाठी निक्सी ही संस्था २००३ साली स्थापन झाली. तोवर मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाचा मजकूर मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे पुष्कळदा परदेशाची वारी करून पोहोचत असे, आणि त्या वारीचा खर्च भावात धरला जाई.

मग सर्वांनी म्हैसच का भाड्याने घेऊ नये? कारण म्हशीबरोबर गोठा, चारा आणि गुराखी आलाच. घाऊक भाव हवा, तर स्वतःचा संगणक डेटा सेंटरमध्ये नेऊन ठेवावा लागतो. त्याच्या जागेचे व विजेचे भाडे वेगळे. शिवाय किमान अमुक मेगाबिट घेईन, असा वर्षावर्षाचा करार करावा लागतो. दूध काढा अथवा काढू नका, भाडे चुकत नाही. आमच्या दरपत्रकात किमान १०० मेगाबिटांची अट होती. म्हणजे महिन्याला ३२,४०० गिगाबाइट! आमचे सारे गाव रात्रंदिवस वाचत बसले, तरी इतके दूध संपणार नव्हते.

ठरल्याहून अधिक वापर झाला, तर भाडे कसे आकारतात, हेही समजून घेण्याजोगे आहे. दर ५ मिनिटांनी प्रवाहाचा सरासरी वेग नोंदवितात. ३० दिवसांत अशा ८,६४० नोंदी होतात. त्यांतील सर्वांत मोठ्या ५ टक्के, म्हणजे ४३२ नोंदी सोडून देतात व उरलेल्यांतील सर्वांत मोठ्या नोंदीवर बिल आकारतात. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. निकालाच्या दिवशी एखाद्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उसळलेली गर्दी दीड दिवसात ओसरली, तर ती हिशेबात येतच नाही. मात्र तीच गर्दी सलग दोन दिवस व दोन रात्री टिकली, तर जणू महिनाभर तेवढाच वापर झाला, असे धरून पैसे द्यावे लागतात. रोज संध्याकाळी दोन तास गर्दी होणाऱ्या स्थळालाही ह्या सवलतीचा लाभ नाही. कारण ३६ तास तीस दिवसांत वाटले, तर रोजचे जेमतेम ७२ मिनिटे होतात.

लिटरच्या दुधात मात्र अशी सवलत नाही. आमचे एक पुस्तक सुमारे १०० मेगाबाइटचे होते. एखाद्या वर्तमानपत्रात त्याविषयी छापून आले आणि ५०,००० लोकांनी ते उतरवून घेतले, तर ५,००० गिगाबाइट होतात. ९ सेंटांच्या भावाने, मोफतचे १०० वजा जाता, बिल ४४१ डॉलर, म्हणजे पस्तीस हजार रुपयांहून अधिक! हा आकडा ऐकून काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पुस्तक लोकांना आवडले, तर वाचनालय बुडणार?"

अखेर आम्ही तिसरा मार्ग धरला, तो रतीबाचा. दरमहा ठराविक रक्कम, ठराविक रुंदीची तार, आणि गर्दी झाली तरी जादा बिल नाही, असे लेखी घेतले. पाहुणे फार आले, तर चहा कोरा मिळेल, म्हणजे पान उघडण्यास वेळ लागेल; पण दारात वसुलीवाला उभा राहणार नाही. त्याशिवाय पानांची चित्रे दाबून लहान केली व १०० मेगाबाइटचे पुस्तक २० वर आणले. तेवढ्याने वाहतूक एक पंचमांश झाली. समासातील जुन्या वाचकांची पेन्सिलीतली टिपणे त्यामुळे पुसट झाली, ह्याचे वाईट वाटते. मूळ स्पष्ट प्रती वाचनालयाच्या कपाटात आहेत; ज्याला हव्या, त्याने यावे.

आपल्या भागातील अनेक मंडळे व संस्था आता असेच काम हाती घेत आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे की, करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: माप कोणते, ठरल्याहून जास्त वापर झाला तर काय, आणि बिलाला कमाल मर्यादा आहे की नाही. स्वस्त भाव पाहून सही करणारा ग्राहक पुढे फसतो तो बहुधा ह्या तिसऱ्या प्रश्नावरच.