तळ्याच्या पाळीवर झाड का लावायचं नाही

पाच जूनला पर्यावरण दिन असतो, म्हणून आमच्या गटानं वडा-पिंपळाची रोपं आणली आणि गावतळ्याच्या पाळीवर लावायचं ठरवलं. धुणं धुणाऱ्या बायांना सावली होईल, संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा होईल, असा विचार. कुदळ उचलली तोच एक आजोबा तरातरा आले. बंधाऱ्यांच्या कामावर मुकादमी केलेला माणूस. म्हणाले, "बायांनो, भिंतीला भोकं पाडताय की काय?" आम्हाला रागच आला. मग त्यांनी पाळीवर बसवून सगळं समजावलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

मातीचा बांध म्हणजे नुसता ढीग नव्हे. आत मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा असतो आणि तो जमिनीखाली चर खणून कठीण थरापर्यंत नेलेला असतो. पाणी अडवतो तो हा गाभा. दोन्ही अंगांना मुरूम, त्याच्या वजनानं गाभा जागेवर राहतो. सगळं थराथरानं, पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेलं. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खचू नये म्हणून दगड लावतात. दुसऱ्या बाजूला गवत. पायथ्याशी वाळू, खडी नि दगडांची गाळणी असते. मातीची भिंत थोडी झिरपतेच; झिरपलेलं पाणी गाळून बाहेर पडावं, माती मात्र आत राहावी, यासाठी ती सोय.

आता झाडाचं. मूळ ओलीकडे धावतं. झाड वाळलं की आतलं मूळ कुजतं आणि भिंतीत पोकळ नळी तयार होते. पाणी त्या नळीतून निघतं, येताना चिमूटभर माती आणतं, नळी रुंदावते. उंदीर, घुशी, खेकड्यांची बिळंही हेच करतात. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि खालच्या वाडीतली माणसं वाहून गेली. तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पाळीला हरळीसारखं बुटकं गवत उत्तम. आमची रोपं आम्ही शाळेच्या कुंपणाला लावली.

भांडण झालं ते मात्र सांडव्यावरून. सांडवा म्हणजे जादा पाणी बाजूनं काढून देणारी वाट. तिची पातळी पाळीच्या माथ्यापेक्षा मुद्दाम खाली ठेवतात. परतीचा पाऊस सुरू झाला तेव्हा गावातल्या काही पोरांनी सांडव्यात वाळूची पोती रचायचं काढलं. तळं आणखी भरेल, जत्रेला नाव फिरवता येईल, चार पैसे मिळतील. आमच्यातल्याही काही जणी म्हणाल्या, काय बिघडलं?

बिघडतं ते असं. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो बहुधा टिकतो. मातीच्या पाळीवरून गेलं तर पाणी मागच्या उतारावर घळ पाडतं, घळ माथ्याकडे सरकते आणि काही तासांत भिंत उभी चिरते. पोत्यांनी सांडवा अडला, रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस आला, तर पाण्याला दुसरी वाटच नाही.

आणि पुराचा हिशेब तर अगदी उलटा आहे. काठोकाठ भरलेलं तळं पूर फारसा अडवत नाही. आलेलं बरंचसं पाणी तसंच पुढे जातं. पूर झेलते ती रिकामी जागा. पाच हेक्टरचं, म्हणजे साडेबारा एकराचं तळं एक मीटर रिकामं असेल, तर त्यात पाच कोटी लिटर मावतं. शंभर हेक्टर शिवारावर 100 मिलिमीटर पाऊस झाला की दहा कोटी लिटर पडतं. त्यातलं निम्मं वाहून आलं तरी ते सगळं त्या एका मीटरमध्ये बसतं, आणि ओढ्याकाठची घरं कोरडी राहतात. उन्हाळ्यासाठी भरलेलं तळं हवं, पावसाळ्यात जागा हवी. ही ओढाताण खरीच आहे. म्हणून पावसाळाभर पातळी खाली ठेवायची आणि पाऊस सरता सरता भरू द्यायचं. मात्र पाणी एकदम सोडायचं नाही, हळूहळू सोडायचं. नाहीतर आतली ओली बाजू घसरते.

लक्ष कोण ठेवणार? 2021 चा धरण सुरक्षा कायदा मोठ्या धरणांसाठी आहे, दहा मीटरहून ठेंगणे बांध त्यात येत नाहीत. तळ्यावर रोज आपणच जातो. पायथ्याला जिथं झिरपा आहे तिथं कळशी लावायची, भरायला किती वेळ लागला तो वहीत लिहायचा. आज दहा मिनिटं आणि चार दिवसांनी सहाच, तर काहीतरी बदललंय. मग काचेच्या पेल्यात ते पाणी धरून बघायचं. नितळ असेल तर लक्ष ठेवा, गढूळ असेल तर आतली माती निघतेय. माथ्यावर लांब भेग, खचलेला खड्डा, उतारावर नवीन ओल दिसली तरीही तसंच. उद्यावर टाकायचं नाही. ग्रामसेवक, तलाठी आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077, तिन्हीकडे कळवायचं, ओढ्याकाठच्या घरांना आधी उठवायचं.

गाळ काढायला जेसीबी आला की एक बाई तिथं हजर असू द्या. पाळीच्या पायथ्याला बकेट लागता कामा नये. आणि गाळ काढल्यावर तळाला खोल खड्डे राहतात, ते वरून दिसत नाहीत. पोहणाऱ्या पोरांना गुडघाभर पाण्यातून एकदम डोक्यावर पाणी लागतं. आम्ही बांबू रोवून हद्द केली आहे आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून घाटावर टांगला आहे. बुडणाऱ्याकडे तो फेकायचा, आपण उडी मारायची नाही.

पोती शेवटी काढली. नावेचं अजून ठरलेलं नाही. पोरं म्हणतात, आहे तेवढ्या पाण्यातही ती चालेल. लाइफ जॅकेट कोण आणणार, यावर येत्या ग्रामसभेत बोलणं आहे.