बंद पडू शकतं, असं सांगून विकलेलं इंजिन

रोटॅक्स ५८२ या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत वैमानिकाला स्पष्ट बजावलेलं असतं, की याची रचनाच अशी आहे की ते अचानक बंद पडू शकतं. इंजिनाविना सुखरूप उतरता येणार नाही अशा जागेवरून उडू नका. आपल्या मालाबद्दल इतकं स्वच्छ बोलणारे कारखानदार विरळाच.

रोटॅक्स कंपनी १९२० सालची, ड्रेस्डेनची. आज कारखाना ऑस्ट्रियात गुन्सकिर्खेनला आहे. कॅनडातल्या बोंबार्डियेच्या बर्फावर धावणाऱ्या गाड्यांना रोटॅक्सची इंजिनं लागत. हौशी वैमानिकांनी तीच उचलून विमानांना जोडली. बंगळूरच्या राजहंस कंपनीच्या एक्स-एअर विमानांवरही ५८२ बसत असे.

५८२ टू-स्ट्रोक आहे. लूना किंवा जुनी चेतक चालवलेल्यांना हे तंत्र नव्याने सांगायला नको. पेट्रोलमध्ये ऑइल, क्रँकच्या दर फेरीला एक स्फोट, वर-खाली होणाऱ्या व्हॉल्व्हची भानगड नाही. त्यामुळे वजन कमी आणि जोर भरपूर. पण वंगण पेट्रोलबरोबरच आत येतं, आणि खरी मेख इथेच आहे. वैमानिक थ्रॉटल मिटून बराच वेळ खाली येत राहिला, की पेट्रोल कमी, म्हणून ऑइलही कमी. वर गार वारा. मग धावपट्टी हुकली म्हणून त्याने एकदम थ्रॉटल दिला, तर ॲल्युमिनियमचा पिस्टन झटकन तापून फुगतो, भोवतीचा सिलिंडर मात्र अजून गारच असतो. पिस्टन आवळतो. इंजिन सीझ!

रोटॅक्सची इंजिनं शर्यतीच्या गो-कार्टवरही बसतात. तिथे हेच झालं तर चालक कडेच्या गवतात थांबतो, शिव्या घालतो आणि चालत परततो. म्हणून तिथे रोटॅक्सने हात सैल सोडला. कार्टच्या १२५ सीसी मॅक्स इंजिनातून सुमारे ३० अश्वशक्ती निघते. त्याच हिशेबाने ५८० सीसीच्या ५८२ मधून १४०च्या आसपास निघायला हवी. कंपनीने ती ६५ वरच रोखली. वर प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले, म्हणजे इग्निशनची एक बाजू गेली तरी दुसरी चालू. मला या कंपनीचं शहाणपण मॅक्सच्या वेगापेक्षा या आवरलेल्या ६५ मध्ये अधिक दिसतं.

मॅक्सच्या शर्यतींत इंजिनाला कंपनीचं सील असतं, त्यामुळे कोणी आत हात घालू शकत नाही आणि कस चालकाचा लागतो. कोल्हापुरात मोहिते अकॅडमीच्या ट्रॅकवर या इंजिनांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत.

विमानांत आता रोटॅक्सचंच फोर-स्ट्रोक ९१२ रुळलं आहे. तरीही कोणी स्वस्तात जुनं ५८२ देऊ केलं, तर आधी तासांची नोंदवही मागा. ३०० तास किंवा पाच वर्षं, यांतलं जे आधी भरेल तेव्हा ते पूर्ण उघडून दुरुस्त करायचं असतं. वही नसेल तर इंजिन घेऊ नका.