नाणं उडवा, मग खरं बोला

छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तालयाने सुनील केंद्रेकर आयुक्त असताना मराठवाड्यातल्या सुमारे १० लाख शेतकऱ्यांची पाहणी केली. २०२३ मध्ये आकडे बाहेर आले: लाखाहून जास्त लोकांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेलेला. आकडा वाचून धस्स होतंच. पण मनातला विचार मोजायचा कसा, हेही तितकंच थक्क करणारं आहे.

दारात सरकारी माणूस उभा, ओट्यावर भावकी बसलेली. अशा वेळी ‘मनात वाईट विचार येतात का?’ असं विचारलं, तर एखादा ‘छे हो, सगळं बरंय’ म्हणून विषय मिटवेल. दुसऱ्याला वाटेल, हो म्हटलं तर काही मदत मिळेल. म्हणजे आकडा दोन्हीकडे घसरू शकतो. विचारणारी गावातलीच आशाताई, म्हणजे ‘आशा’ आरोग्य कार्यकर्ती, असेल तर जीभ सैल होते. पण गावात बभ्रा होईल ही भीतीही असतेच. नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली ‘गेल्या दोन आठवड्यांत’ झोप, भूक, थकवा कसा होता हे विचारत जाते आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा प्रश्न अगदी शेवटी, नववा ठेवते.

स्टॅनली वॉर्नर या अमेरिकी संशोधकाने १९६५ मध्ये खरं बोलण्याच्या या अडचणीवर जी तोड काढली, ती मला निव्वळ जादू वाटते. त्याने फिरती चकती वापरली होती. तीच कल्पना नाण्यानेही साधते. रुपया उडवायचा, पडलेली बाजू कुणाला दाखवायची नाही. छापा आला तर डोळे झाकून ‘हो’ म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. आता हजार जणांत ६०० ‘हो’ आले असं समजा. त्यांतले साधारण ५०० नाण्याचे. उरले १००, तेही काटा आलेल्या ५०० जणांतले. म्हणजे प्रमाण २० टक्के! समोरच्याचा ‘हो’ त्याचा की रुपयाचा, हे विचारणाऱ्याला कधीच कळत नाही, आणि तरी गावाचं उत्तर हाती येतं. नाण्यामुळे हिशेबात धूसरपणा येतो, म्हणून माणसं जास्त लागतात. दहा लाखांत ती अडचण कसली!

मग सगळीकडे रुपयाच का उडवू नये? पेरणीआधी एकरी १० हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केंद्रेकरांनी केली होती. असं धोरण ठरवायला एकूण प्रमाण पुरतं. पण शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या, २०१५ पासूनच्या प्रेरणा प्रकल्पात घरोघरी जाणाऱ्या आशाताईला टक्केवारीचा काय उपयोग? तिला नाव आणि घर कळायलाच हवं, कारण त्या एका माणसाची समुपदेशकाशी गाठ घालून द्यायची असते, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या हाती द्यायचा असतो. तिच्या वहीत नाण्याला जागा नाही.