ध्वनिवर्धकाची शीळ व तिचे निवारण

स्नेहसंमेलनाच्या गाण्यांचा सराव वर्गाच्या खोलीत चालू असता ध्वनिवर्धकातून एकाएकी कर्कश शीळ निघते, हा अनुभव पुष्कळ शाळांना येतो. गाणारे मूल दचकते, आपलेच काही चुकले असे समजून गप्प होते आणि पुन्हा ध्वनिक्षेपकापुढे येण्यास धजत नाही. वस्तुतः दोष मुलाचा नसून बहुधा मांडणीचा असतो.

ध्वनिक्षेपकात शिरलेला आवाज वर्धकात मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो. तोच आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरला म्हणजे आणखी मोठा होऊन बाहेर येतो. वाटेत होणाऱ्या घटीपेक्षा वर्धकातील वाढ अधिक असेल, तर प्रत्येक फेरीस आवाज चढतच जातो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे 340 मीटर असल्याने 3 मीटरांची फेरी शतांश सेकंदाच्या आतच पुरी होते. म्हणूनच शीळ क्षणार्धात उठते. लहान खोली, उघड्या भिंती, फरशी व पत्रा यांवरून आवाज परावर्तित होतो व शिळेस साहाय्य मिळते.

निवारणार्थ पुढील गोष्टी कराव्यात :

1. कर्णा गाणाऱ्यांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा. ध्वनिक्षेपक त्याच्या मागे असावा.

2. ध्वनिक्षेपक मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. अंतर निम्मे केल्यास त्यावर पडणारा आवाजाचा दाब सुमारे दुप्पट होतो; मग वर्धक फार चढवावा लागत नाही.

3. एका वेळी आवश्यक तेवढेच ध्वनिक्षेपक चालू ठेवावेत. लहान खोलीत तबला-ढोलकीस त्याची गरज नसते.

4. ध्वनिक्षेपकाची जाळी मुठीत धरू देऊ नये. तसे केल्याने शीळ बहुधा वाढते.

5. भिंतींवर सतरंज्या अथवा गोधड्या टांगाव्यात.

6. मुले येण्यापूर्वी आवाजाची कळ हळूहळू चढवून शीळ कोठे सुरू होते ते पाहावे व त्याच्या बऱ्याच खाली ती ठेवावी. सरावात शीळ आलीच, तर प्रथम हीच कळ उतरवावी.

खोलीतील सरावास मुलाचा मोकळा आवाज बहुधा पुरेसा असतो. आरंभीचा सराव ध्वनिवर्धकाविना घ्यावा व शेवटचे दोन-तीन दिवस त्याची सवय करवावी. शीळ का निघते हे मुलांना आधीच समजावून सांगितल्यास ती आलीच तरी मूल बिचकत नाही, आणि विज्ञानाचा एक पाठही प्रत्यक्ष होतो.