संमतिपत्रातील एक अपुरी ओळ

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीतील एका कापडव्यापारी स्नेह्यांनी आपल्या मुलाच्या घटस्फोटाचे संमतिपत्र माझ्यासमोर ठेवले. दागिने, ठरलेली रक्कम, हप्त्यांच्या तारखा, धनादेशांचे क्रमांक, सारे चोख होते. सहा वर्षांच्या नातीविषयी मात्र एकच ओळ होती : ‘पित्यास वेळोवेळी भेटता येईल.’ नात आईबरोबर ठाण्यास राहत होती. पहिले काही महिने भेटी झाल्या. पुढे परीक्षा, आजारपण, पाहुणे अशी कारणे येत गेली. लोकलच्या अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणारी ती मुलगी दीड वर्ष या घरात कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती.

उभे आयुष्य बँकेत करारनामे वाचण्यात गेल्याने मला ती ओळ खटकली. ‘वेळोवेळी फेडीन’ एवढ्या शब्दावर आपण कोणास उधारी देऊ का?

स्नेह्यांचा समज असा की, घटस्फोटाचा हुकूमनामा झाला म्हणजे विषय संपला. वस्तुस्थिती तशी नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ आपणा जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम २६ नुसार मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयीचे आदेश हुकूमनाम्यानंतरही मागता येतात आणि परिस्थितीनुसार बदलूनही घेता येतात. पालक व पाल्य कायदा, १८९० खाली अर्ज करावयाचा असल्यास मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालय पाहावे लागते. या प्रकरणी अर्ज ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात झाला.

‘आता पुन्हा कोर्टाची पायरी? समाज काय म्हणेल?’ ही शंका घरातील वडीलधाऱ्यांची होती. परंतु कौटुंबिक न्यायालये कायदा, १९८४ प्रमाणे समेटाचा प्रयत्न करणे हे या न्यायालयाचे कर्तव्यच आहे. तेथे समुपदेशक असतात, आणि पक्षकाराने विनंती केल्यास सुनावणी बंद दाराआड होते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

न्यायालय पाहते ते मुलाचे हित. ‘यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य’ या प्रकरणात २० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आई व वडील दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे. प्रत्यक्ष भेटीखेरीज दूरध्वनी व व्हिडिओ कॉलद्वारे होणाऱ्या संपर्काचाही विचार त्या निकालात आहे.

म्हणून अर्जात मोघम काही नसावे. कोणता वार, किती ते किती, कोठे, मुलाला कोण आणणार व कोण पोहोचवणार; दिवाळी व मे महिन्याच्या सुट्टीची विभागणी; कॉलची वेळ; एखादी भेट चुकल्यास बदली दिवस; सोबत आजी-आजोबा असावेत काय, हे सारे लिहावे. आदेश नेमका असेल तरच त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा न्यायालयाकडे जाता येते. झालेल्या व हुकलेल्या भेटींची तारीखवार नोंद ठेवावी. भेट मिळत नाही म्हणून मुलाच्या खर्चाची रक्कम मात्र अडवू नये, आणि शाळेच्या फाटकातून मूल परस्पर उचलून आणण्याचा अविचार तर मुळीच करू नये. त्याने मूल भेदरते आणि आपलीच बाजू लंगडी पडते.

स्नेह्यांच्या प्रकरणात समुपदेशकांसमोर तीन-चार बैठका झाल्या. सुनेचीही तक्रार होती : प्रत्येक भेटीनंतर मुलीला ‘आई घरी काय बोलते’ असे विचारले जाई. ती चूक या घराने मान्य केली. दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक, तलावपाळीस, असे ठरले. पहिल्या भेटीत मुलगी वडिलांशी बोललीच नाही. तिसऱ्या वेळी तिने आजोबांना विचारले, “दुकानातलं माझं उंच स्टूल आहे का अजून?”

ते स्टूल कोणी हलविले नव्हते.

वाचकहो, कोणाच्याही घरी हा प्रसंग न येवो. आलाच, तर सही करण्यापूर्वी संमतिपत्रात मुलाच्या नावापुढे काय लिहिले आहे ते आधी वाचावे. रकमेचा आकडा त्यानंतर.