कॅमेरा कुणी धरायचा?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर लोधिवली, चौक, खालापूर, खोपोली यांपैकी कुठल्याही नाक्यावरच्या मोबाइलच्या दुकानात डोकावून बघा. कव्हरं, चार्जर, टेम्पर्ड ग्लास यांच्या गर्दीत दोन वस्तू बहुधा लटकलेल्या दिसतील. एक म्हणजे बोटांत घालायच्या काळ्या-करड्या जाळीदार टोप्या, ज्यांना पोरं ‘स्लीव्ह’ म्हणतात. दुसरी, मोबाइलच्या वरच्या कडेला चिमट्यासारखी बसणारी ‘ट्रिगर’ची जोडी. आईवडिलांना हा नसता खर्च वाटतो. पण या स्वस्त वस्तूंच्या मागे व्हिडिओ गेमच्या जगातली एक जुनी, अजून पुरती न सुटलेली अडचण आहे. जो लढतो त्यालाच कॅमेराही धरावा लागतो, आणि हात असतात दोनच.

चौकजवळ नितीन देसाईंनी उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे, ‘जोधा अकबर’चे ते भव्य महाल तिथलेच. तिथे तलवार चालवणारा वेगळा, कॅमेरा चालवणारा वेगळा आणि कुठून बघायचं ते ठरवणारा तिसराच. त्रिमितीय ॲक्शन गेममध्ये ही तिन्ही कामं एकाच्याच गळ्यात पडतात. भिंतीआडून शत्रू येतोय हे कळायला आधी तिकडे बघायला हवं, आणि बघताना पळणं थांबवून चालत नाही.

1996च्या ‘सुपर मारिओ 64’ने हे मोठ्या गमतीने मान्य केलं. लाकिटू नावाचा ढगावर बसलेला कासवासारखा प्राणी कॅमेरा घेऊन मारिओच्या मागे फिरतो, आणि खेळणारा चार पिवळ्या बटणांनी त्याला इकडेतिकडे हलवतो. दोन वर्षांनी ‘झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ने वेगळा तोडगा काढला. एक बटण दाबलं की नजर शत्रूवर खिळते, मग कॅमेऱ्याची काळजी गेमने वाहायची. दरम्यान 1997मध्ये सोनीचा दोन स्टिकांचा ‘ड्युअलशॉक’ कंट्रोलर आला आणि हळूहळू घरच्या टीव्हीपुरता प्रश्न मिटला : डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं.

हातात धरायच्या कन्सोलवर मात्र तो जास्तच चिघळला. डिसेंबर 2004मध्ये जपानात सोनीचा ‘पीएसपी’ आला, त्याला एकच चपटी स्टिक, तीही डावीकडे. अजस्र प्राण्यांच्या शिकारीचा ‘मॉन्स्टर हंटर’ खेळणाऱ्यांनी मग हाताची रचनाच बदलली. डावा अंगठा स्टिकवर, आणि त्याच हाताची तर्जनी आकडीसारखी वाकवून दिशाबटणांवर, कॅमेरा फिरवायला. जपानात या पकडीला ‘मॉनहान-मोची’ म्हणू लागले, बाकी जगात ‘क्लॉ’. तासभर असं खेळल्यावर बोट सरळ करताना काय वाटत असेल, याची कल्पना दाबाच्या पेनाने लांबलचक पेपर लिहिलेल्या कुणालाही करता येईल.

या सगळ्या इतिहासातलं माझं लाडकं प्रकरण 2011चं आहे. त्या फेब्रुवारीत निन्टेंडोचा ‘3डीएस’ आला आणि पुन्हा तेच : चालायला एक गोल चकती, बघायला काहीच नाही. डिसेंबरात ‘मॉन्स्टर हंटर’चा नवा भाग यायचा होता. त्याच्यासोबत निन्टेंडोने 1,500 येनांना एक जोडवस्तू काढली, ‘सर्कल पॅड प्रो’. प्लास्टिकच्या जाड साच्यात अख्खा 3डीएस बसवायचा. मग उजवीकडे दुसरी चकती आणि मागे जादा बटणं मिळतात. साच्यात एक बारीक ‘एएए’ सेल घालावा लागतो, कारण कन्सोलमधून त्याला वीज मिळत नाही. दोघांचं बोलणं चालतं टीव्हीच्या रिमोटसारखं, अवरक्त किरणांनी. खिशात मावणाऱ्या कन्सोलचा एवढा ऐसपैस ठोकळा झाला, की खिसा विसरायचाच.

मला ती वस्तू कुरूप पण प्रामाणिक वाटते. आमच्याकडून एक स्टिक राहिली, हे कंपनीने याहून स्पष्ट कसं सांगायचं? पण तिच्यात एक मूळचीच खोट होती. जी वस्तू विकत घ्यायची की नाही हे ग्राहकाच्या मर्जीवर आहे, तिच्या भरवशावर गेम रचता येत नाही. दुसरी चकती नसलेल्यालाही खेळ जमलाच पाहिजे. म्हणून ‘मॉन्स्टर हंटर’च्या त्याच भागात खालच्या टचस्क्रीनवर कॅमेऱ्याची बटणं द्यावी लागली, आणि बटण दाबताच अजस्र प्राण्याकडे वळणारा कॅमेराही. ही सोय इतकी चांगली झाली, की जोडवस्तूची निकड आपोआप कमी झाली. ‘रेसिडेंट ईव्हिल : रेव्हेलेशन्स’, ‘मेटल गियर सॉलिड’ यांसारख्या मोजक्या गेमांनी ती चकती वापरली. त्याच डिसेंबरात सोनीने ‘व्हिटा’ आणला आणि दोन्ही स्टिका अंगावरच दिल्या. शेवटी 2014च्या ‘न्यू 3डीएस’मध्ये निन्टेंडोनेही उजवीकडे मसूरडाळीएवढी एक गुंडी बसवली. सर्कल पॅड प्रोसाठी केलेले जुने गेम त्या गुंडीवरही चालले.

3डीएसमध्ये आणखी एक वाट होती, आणि आजच्या मोबाइलवाल्यांना तीच जवळची : जायरोस्कोप, म्हणजे हातातलं यंत्र किती वळलं ते मोजणारा सेन्सर. ‘ओकारिना’च्या 2011च्या आवृत्तीत कन्सोल वळवून धनुष्याचा नेम धरता यायचा. गंमत अशी, की चष्म्याविना दिसणारं त्याचं त्रिमितीय चित्र फक्त समोरून बघितलं तरच नीट दिसे. नेम धरायला कन्सोल तिरका केला की चित्र फाटे. दोन्ही सोयी एकाच घरात, आणि दोघींचं पटत नाही.

आता आपल्या मुलखाकडे. इथे कन्सोल म्हणजे मोबाइल, आणि खरी रुजवात झाली ती 2018च्या ‘पबजी मोबाइल’ने. 2 सप्टेंबर 2020ला त्यावर बंदी आली. 2021च्या जुलैत ‘बीजीएमआय’ नावाने तोच खेळ परतला, 2022च्या जुलैत पुन्हा गायब झाला, मे 2023मध्ये पुन्हा उगवला. या येण्याजाण्यात टिकून राहिली ती पोरांची पकड. डाव्या अंगठ्याने चालणं, उजव्याने बघणं, आणि दोन्ही तर्जन्या वरच्या काचेवर, गोळी झाडायला आणि स्कोप उघडायला. ही ‘फोर फिंगर क्लॉ’ म्हणजे पीएसपीच्या त्या आकडीची नात. पीएसपीचं नावही न ऐकलेल्या मुलांनी ती पुन्हा शोधून काढली.

ट्रिगर जवळून बघण्यासारखा आहे. आत स्प्रिंग असते, वर बोटाने दाबायची धातूची पट्टी, आणि खाली काचेला टेकणारा वीजवाहक पाय. मोबाइलची काच दाब ओळखत नाही, बोटामुळे विद्युतभारात होणारा फरक ओळखते. तो फरक पट्टीतून पायापर्यंत पोचतो आणि गेमला वाटतं बोटच टेकलं. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन गोळीचं बटण बरोबर त्या पायाखाली सरकवावं लागतं. जाड कव्हर असेल तर सगळं गणित बिघडतं. स्लीव्हच्या कापडात चांदीसारखे वीजवाहक धागे विणलेले असतात. पण स्लीव्हचं खरं काम घाम टिपणं. खालापुरात जून ते सप्टेंबर हवेलाच घाम फुटलेला असतो, आणि ओल्या काचेवर भलतेच स्पर्श उमटतात. ज्यांना स्लीव्हवर पैसे घालायचे नसतात ते बोटांना टाल्कम पावडर लावतात. माझ्या मते पावडरच बरी.

पण कसलेल्या खेळाडूंचा जीव अडकलेला असतो जायरोत. अंगठा काचेवर सरकवताना कडेला पोचला की उचलून पुन्हा मागे आणावा लागतो, तेवढ्यात नेम सुटतो. जायरोला मनगट किंचित कललं तरी पुरतं. ‘ऑलवेज ऑन’वाले आणि ‘स्कोप ऑन’वाले असे पंथच आहेत, आणि प्रत्येक स्कोपची ‘सेन्सी’, म्हणजे संवेदनशीलता, वेगळी ठेवून ती वहीत टिपणारेही आहेत. पंथाची परीक्षा होते बोरघाटात. खोपोली सोडून एसटी घाट चढू लागली, की प्रत्येक वळणाला बस वळते, बसबरोबर खेळाडू, त्याच्याबरोबर फोन. जायरोला मनगट कुठलं आणि एसटी कुठली, ते कळत नाही. पडद्यावरचा कॅमेरा डोंगराच्या वळणाने सरकत जातो आणि गोळ्या भलत्याच झाडाला लागतात. अशा वेळी शहाणा गडी जायरो बंद करतो. हट्टी गडी वळणाचा अंदाज घेऊन फोन उलटा फिरवतो.

जायरोही सगळ्यांच्या नशिबी नसतो. अनेक स्वस्त फोनांत तो सेन्सरच नसतो. उलट ज्याच्याकडे टॅब आहे, त्याला पडद्याच्या चौकोनी आकारामुळे वरखालचा जास्त देखावा दिसतो. त्यालाच ‘आयपॅड व्ह्यू’ म्हणतात आणि मत्सराने म्हणतात. 2018च्या असूसच्या ‘आरओजी फोन’ने तर कडेलाच स्पर्शाची ट्रिगर-बटणं दिली. जोडवस्तू पुन्हा यंत्राच्या पोटात गेली, पण त्या किमतीत इथे कितीतरी साधे फोन आले असते.

याच्या अगदी उलट टोकाला पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आहे. ऑगस्ट 2020मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला. भावाला सोडवायला निघालेली सर्कशीतली मुलगी, राक्षस, दुर्गा आणि विष्णू. त्यात कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात दिलेलाच नाही. कुठे जवळ यायचं, कुठे मागे सरून अख्खा किल्ला दाखवायचा, हे रचनाकारांनीच ठरवून टाकलं आहे. याची किंमतही मोजावी लागते : काही ठिकाणी राजी इतकी लहान दिसते, की हातातल्या छोट्या पडद्यावर तिला शोधावं लागतं, आणि कोपऱ्यात काय आहे ते वाकून बघायचं स्वातंत्र्य नाही. पण बोटं वाकवावी लागत नाहीत, काही विकत घेऊन जोडावं लागत नाही, आणि घाटात एसटी कितीही वळली तरी राजीचा कॅमेरा जागचा हलत नाही.